सत्काराची की पांघरायची?

माझ्या डिझाइनच्या दुकानाच्या उद्घाटनाला चित्रकलेच्या सरांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, फोटोवाल्यानं "इकडं बघा सर" म्हणत दोनदा फ्लॅश मारला. मी पुढच्या पाहुण्यांकडे वळणार तेवढ्यात सरांनी ती शाल खांद्यावरून काढली. तसं तर सगळेच काढतात. ऑक्टोबरातला सोलापूरचा उकाडा, दहा बाय बाराचा गाळा, त्यात चाळीस माणसं आणि वर एकच पंखा; शाल अंगावर ठेवणार तरी कोण? पण सरांनी घडी घालायच्या आधी ती उलटी केली. काठाजवळचा भाग अंगठा आणि बोटात धरून एकदा चोळला, चष्मा कपाळावर सरकवून मागचे धागे जवळून बघितले. मग स्वतःशीच मान हलवली, नीट चौकोनी घडी घातली आणि ती मांडीवर ठेवून समोर बघत बसले. पाच-सात सेकंदांचा मामला. पेढ्यांचं ताट फिरत होतं, बाहेर देवीच्या मिरवणुकीच्या तयारीत कुणीतरी स्पीकर तपासत होतं, कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. माझं होतं. दसऱ्याची ती संध्याकाळ मला आठवते ती रिबिनीमुळे नाही की पहिल्या ऑर्डरच्या ॲडव्हान्समुळे नाही, त्या चोळलेल्या काठामुळे आठवते.

कारण ते काय बघत होते, हे मला नेमकं ठाऊक होतं.

त्या शाली मी आदल्या आठवड्यात नव्या पेठेतून आणल्या होत्या. "शाली दाखवा" म्हटल्यावर दुकानदारानं वर न बघताच विचारलं, "सत्काराच्या की पांघरायच्या?" प्रश्न अगदी व्यवहाराचा होता. चपलेच्या दुकानात "रोजची की लग्नातली?" विचारतात, तसा. मी म्हणाले, "सत्काराच्या." त्यानं खालच्या फळीवरून गठ्ठा ओढला. चमकदार, सोनेरी काठाच्या, प्रत्येक प्लास्टिकच्या पिशवीत. १८० ला एक, पाच घेतल्या तर १५० नं. सत्कार तिघांचाच होता, पण १५० च्या मोहानं मी पाच घेतल्या. पैसे देताना त्यानं आपुलकीनं सल्ला दिला, "आधीपासनं पिशवीतनं काढू नका ताई, एकदा घडी मोडली की परत बसत नाही." गठ्ठ्यावरच्या गोणपाटावर लुधियानाचा शिक्का होता. ज्या गावाची चादर देशभर जाते, जिच्या नावाखाली भलतीकडचा माल खपवतात म्हणून इथले कारखानदार कायम चिडलेले असतात, त्या गावात मी परगावचं कापड गुरुजनांच्या अंगावर घालायला घेऊन चालले होते. हे तेव्हा डोक्यातसुद्धा आलं नाही. निमंत्रणपत्रिकेचा कागद निवडायला मी तीन दिवस घालवले होते. किती जीएसएमचा म्हणजे किती जाड, दुमडल्यावर फुटतो का, त्यावर लाल रंग विटकरी होतो का. शालींना पाच मिनिटं लागली असतील, त्यातली दोन सुट्ट्या पैशांत गेली.

आमच्या घरात कापड सरळ बाजूनं बघायची पद्धतच नव्हती. बाबा पूर्व भागातल्या एका चादरीच्या कारखान्यात जकार्डच्या मागावर होते. पाहुण्यांकडे नवी चादर दिसली, की ते बसायच्या आधी तिचा कोपरा उलटा करायचे. आई डोळे वटारायची. "लोकं काय म्हणतील हो?" बाबांचं उत्तर ठरलेलं. समोरची बाजू विकायला असते, मागची बाजू मागावर काय झालं ते सांगते. आमच्या चादरीची तर गंमतच अशी, की मागंही तीच नक्षी, फक्त रंग पालटलेले. इकडे लालावर पांढरा मोर, तिकडे पांढऱ्यावर लाल. म्हणजे लपवायला जागाच नाही.

शाळा सुटल्यावर मी डबा द्यायच्या निमित्तानं कारखान्यात जायची. तिथला आवाज कानांनी ऐकायचा नसतो, तो पायांतून येतो. फरशी हलत असते. नाकात सुताची बारीक धूळ आणि मशीनच्या तेलाचा वास. पण मला ओढ होती ती मागांच्या पलीकडच्या अर्ध्या खोलीची, जिथं नक्षीवाले काका ग्राफच्या कागदावर वाकलेले असत. एकेक चौकोन लाल शाईनं भरायचा. भरलेला चौकोन म्हणजे धागा वर, रिकामा म्हणजे खाली. मग त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या लांब पट्ट्यांना भोकं पाडायची आणि शेकडो पट्ट्या दोऱ्यानं ओवून त्यांची माळ मागाच्या डोक्यावर चढवायची. पट्टीला भोक असलं की सुई आत जाते, हूक उचलला जातो, धागा वर येतो. एक भोक चुकलं तर मोराच्या मानेवर नको तिथं पांढरा ठिपका पडतो. तोही एका मोराला नाही, माळ फिरून आली की पुढच्या मोरालाही, आणि त्याच्या पुढच्याही. फ्रान्समधल्या जकार नावाच्या माणसानं १८०४ च्या सुमारास हे यंत्र बसवलं, आणि सुरुवातीच्या काँप्युटरांची भोकांची कार्डं त्याच्याच वंशातली, हे मला कॉलेजात कळलं. वर्गातल्या पोरांना ते नवल वाटलं. मला एवढंच वाटलं, की अरेच्चा, आमच्या बाबांचं जकार्ड म्हणजे कुणाचं तरी आडनाव आहे होय!

सर शाळेत चित्रकला शिकवायचे. घरी तेलुगू, वर्गात मराठी, दुकानदारांशी कन्नड आणि फार संतापले की हिंदी, असा त्यांचा कारभार. वडील हातमागावर विणायचे, त्यामुळे सरांच्या बोटांनाही कापडाची तीच खोड. चित्रकलेचा तास बाकी सगळ्यांच्या लेखी राखीव कुरण होतं. गणिताचा पोर्शन राहिला, घ्या चित्रकलेचा तास; गॅदरिंगची तालीम, घ्या चित्रकलेचा तास. सर भांडायचे नाहीत. शनिवारी सकाळी शाळा सुटल्यावर मागच्या व्हरांड्यात सतरंजी टाकायचे आणि ज्याला यायचं त्यानं यावं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांचं सगळं मी त्या सतरंजीवर शिकले. संकल्पचित्रात रंग सपाट कसा बसवायचा, पोस्टर कलरमध्ये पाणी किती, भूमितीच्या पेपरात पेन्सिलीला टोक कसं हवं. पण खरा जीव अक्षरलेखनात. खडू आडवा धरून, मनगट न वळवता ते फळ्यावर 'क' काढायचे. एकाच ओढीत जाड, बारीक, पुन्हा जाड. तास संपला तरी तो 'क' पुसायला कुणाचा हात व्हायचा नाही.

आणि मग तो उलटा करायचा प्रकार. आम्ही कागदावर काहीबाही लिहून त्यांच्यापुढे धरायचो, ते कागद घ्यायचे आणि खालचं वर करून बघायचे. पहिल्यांदा मला वाटलं, सरांनी चुकून उलटा धरला. मी सांगितलं. ते म्हणाले, "वाचता येऊलालंय तोवर तुला दिसत नाही. वाचता येईनासं झालं की मग दिसायला लागतं." आणि खरंच, उलटं धरलं की 'र' आणि 'म' यांच्या मधली फट भसकन डोळ्यात यायची, 'ल' शेजाऱ्याच्या अंगावर रेललेला दिसायचा. "शिरोरेषेवर भरवसा ठेवू नको," हे त्यांचं दुसरं वाक्य. "ती सगळ्यांना एका दांडीवर वाळत घालते, म्हणून सरळ वाटतात." तेलुगू अक्षराच्या डोक्यावर बारीकसा तुरा असतो, त्याला तलकट्टु म्हणतात, हेही त्यांनीच दाखवलं. आपल्याकडे सगळ्यांचा मिळून एक पटका, तिकडे ज्याचा त्याचा तुरा वेगळा, असं म्हणून स्वतःच हसले होते. आज मी स्क्रीनवर लोगो केला की सगळ्यात आधी तो उलटा फिरवते. क्लायंट शेजारी बसलेला असला तर त्याला वाटतं, ताईंचा माऊस बिघडलाय.

सरांचा पगार बरीच वर्षं अर्धवटच होता, म्हणून सुट्टीत ते पाट्या रंगवायचे. गड्ड्याच्या यात्रेआधी होम मैदानावर पाळणेवाल्यांचे, भेळवाल्यांचे, मृत्यूगोलवाल्यांचे पत्रे रंगवायला बसायचे, आणि एका जानेवारीत मी डबे-ब्रश धरायला जाऊन बसले. रॉकेलचा वास, हातावर न निघणारा पिवळा एनॅमल, दुपारचं ऊन आणि पलीकडून सिद्धेश्वराच्या तळ्यावरून येणारा तेवढाच काय तो गार वारा. 'भव्य' हा शब्द मी त्या यात्रेत एकूण सतरा वेळा आउटलाइन केला. पुढं फ्लेक्स आला. रात्रीतून दादांचे, भाऊंचे, अण्णांचे वाढदिवस चौकाचौकात लटकले आणि रंगवायचं काम दोन-तीन वर्षांत संपलं. मी आज जे करते त्यातलं निम्मं त्या फ्लेक्सच्या मशीनवरच जातं. हे सरांना सांगताना माझी जीभ अडखळते. ते काही म्हणत नाहीत, म्हणून जास्तच.

सत्काराची कल्पना माझी, आणि खरं सांगायचं तर तिच्यात थोडा दिखावा होता. उद्घाटनाला नगरसेवक बोलवायचा नव्हता. त्याच्याऐवजी गुरुजन बोलावले की आपण कसे वेगळे, हे लोकांना आपोआप दिसतं. वर फोटो छान येतात. मनात आदर नव्हता असं नाही. होता, पण त्या आदराच्या शेजारी हे सगळं दाटीवाटीनं बसलं होतं. तीन नावं ठरली. चित्रकलेचे सर, मराठीच्या बाई, आणि तिसरं नाव आईनं घुसवलं. गणिताचे सर. मी म्हटलं, ते कशाला? त्यांनी माझ्या गणिताच्या वहीची मागची पानं सगळ्या वर्गासमोर फाडली होती. त्यावर मी ग्राफमधले मोर काढले होते. फाडून वर म्हणाले होते, "हे काढून पोट भरणाराय का?" आई शांतपणे भाकरी थापत म्हणाली, "मास्तर होते की ते. आणि याच गल्लीत राहतात. दोघांना बोलवून तिसऱ्याला वगळलं तर मला रोज तोंड दाखवायचंय."

खंडेनवमीला काँप्युटर, कटर, प्रिंटर सगळ्यांना हळद-कुंकू लावलं. बाबांनी झेंडूची माळ मॉनिटरला अशी घातली, की अर्धा स्क्रीन झाकला गेला. कारखान्यात मागांची पूजा करतानाही ते असेच माळ घालायचे. पण तिथं झाकायला स्क्रीन नव्हता. कुंकवाचा एक कण एंटरच्या बटणाखाली गेला तो आजपर्यंत तिथंच आहे. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम. मराठीच्या बाई आल्या त्याच मुळी निमंत्रणपत्रिका हातात घेऊन. मला घाम फुटला. 'आशीर्वाद' मी चारदा तपासला होता, 'उद्घाटन' सुद्धा. बाई म्हणाल्या, "पत्रिका बरोबर आहे. पण शेजारच्या मेडिकलच्या पाटीला काहीतरी कर गं, तिकडे बघून इथं येववत नाही." पाटीवर 'औषधे'चा 'ओषधे' झाला होता. बाईंना कसं सांगू, की आमच्या धंद्यात निम्मा दिवस हेच चालतं? व्हॉट्सॲपवर आलेला युनिकोडमधला मजकूर जुन्या श्रीलिपी फॉन्टच्या फाइलीत टाकला की अक्षरांचा चिवडा होतो, रफार उडून भलत्याच्या डोक्यावर बसतो, आणि लग्नपत्रिका न्यायला आलेला वरबाप खाली रिक्षा उभी करून वर घाई करतो.

गणिताचे सर वीस मिनिटं बोलले. मिरवणुकीच्या आवाजात माइक ओरडत होता, तरी थांबले नाहीत. ही मुलगी वहीच्या मागच्या पानांवर सुंदर नक्षी काढायची, तेव्हाच मी ओळखलं होतं, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. खोटं बोलत होते असं वाटेना. त्यांना तसंच आठवत होतं. शेवटी तर आवाज भरून आला त्यांचा, चष्मा काढून डोळे पुसले. मी हात जोडून उभी. मी राग आणायला बघत होते, पण समोर सत्तरीचा, हात थरथरणारा, नारळ सांभाळत उभा असलेला माणूस होता, आणि राग नेमका कुठं ठेवला होता ते सापडेना. मी पाया पडले. ते म्हणाले, "खूप मोठी हो." टाळ्या वाजल्या. आईनं माझ्याकडे बघितलं नाही.

चित्रकलेच्या सरांना बोला म्हटलं तर "नको नको, चहा झाला की निघू" एवढंच.

रात्री आवरताना उरलेल्या दोन शाली टेबलावर होत्या. बाबांनी एक पिशवीतून काढली आणि अर्थातच उलटी केली. सोनेरी काठाचे धागे मागं सुटे तरंगत होते, नखात अडकत होते. "पोलिस्टर," बाबा म्हणाले. टीका नव्हती त्यात, फक्त नोंद. मग जरा वेळानं, "घरात एवढ्या चादरी असताना..." आणि वाक्य तसंच सोडून ते खुर्च्या मोजायला गेले. भाड्याच्या होत्या.

कोजागिरीच्या दोन दिवस आधी मी सरांकडे गेले. रस्त्यावर तुळजापूरला चालत जाणाऱ्यांची रीघ लागली होती. माझ्या पिशवीत एक चादर होती, बाबा जिथं काम करायचे तिथलीच, सुती, जड, नव्या कापडाचा खळीचा वास येणारी. काय बोलायचं ते वाटेत तीनदा जुळवलं आणि तीनदा मोडलं. सर ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होते. "ये की," म्हणाले. मी चादर पुढं केली. त्यांनी ती घेतली, उलटी केली, चोळली आणि आत हाक मारली, "अगं, ही बघ, खरी आलीय." काकू बाहेर आल्या, त्यांनीही आधी कोपराच उलटला. मी कशीबशी म्हणाले, "सर, ती त्या दिवशीची शाल... चुकलंच माझं." सर हसले. मला आतल्या खोलीत नेलं आणि कपाटाचं दार उघडलं. एका कप्प्यात घडीवर घडी, सोनेरी काठांचा ढीग. निवृत्तीची, गणेशमंडळाची, शिक्षकदिनाच्या सत्काराची. "वाकळ शिवायला काढल्या होत्या काकूनं, पण याला सुई धरत नाही," ते म्हणाले. "तुझीच तेवढी असेल असं नको समजू." दिलासा होता की काय होतं, कुणास ठाऊक. माझी त्या ढिगात वरून दुसरी होती. एवढ्यात तिच्यावर आणखी एक चढली होती.

मग चहा झाला, शेंगाचटणी-कडक भाकरी झाली. सरांनी विचारलं, "सध्या काय करलालीस?" मी मोठ्या हौसेनं पिशवीतून चटणीचं पाकीट काढलं. माझं पहिलं मोठं काम. चटणीचं तेल सुटतं, कागद दोन दिवसांत तेलकट होतो, म्हणून आतून लॅमिनेशनची पिशवी, बाहेर उखळ-मुसळाचं रेखाचित्र, आणि नाव हातानं काढलेल्या अक्षरात. तोच आडवा खडू. सरांनी पाकीट लांब धरलं, खालचं वर केलं, अक्षरांवरून डोळे फिरवले. "ल जरा आत घे," म्हणाले. बाकी काही नाही म्हणजे पास. मी सुस्कारा टाकणार तोच त्यांनी पाकीट पलटलं.

मागं काय असतं? घटक, निव्वळ वजन, हिरवा ठिपका, कमाल किंमत, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, १४ अंकी नंबर, कधीपर्यंत खावं त्याची तारीख. कायद्यानं लागतं म्हणून कोंबलेलं. मुंगीएवढी अक्षरं, तांबड्यावर काळी. सरांनी चष्मा कपाळावर नेला, पाकीट नाकाशी आणलं, मग काकूंकडे दिलं. काकूंनी दारातल्या उजेडात जाऊन बघितलं. "तारीख कुठाय गं?"

मी दाखवली. खालच्या शिवणीत अर्धी गेली होती.

"ही बाजू कुणी केली?" सरांनी विचारलं.

"माझ्याकडे एक मुलगा आहे कामाला. पुढची मी केली, मागची त्यानं."

सरांनी पाकीट ओट्यावर ठेवलं. उलटंच. बराच वेळ रस्त्यावरून जाणारे तुळजापूरचे लोक बघत बसले. मग म्हणाले, "रविवारी पाठव त्याला. सकाळी आठला. पट्टी-पेन्सिल घेऊन."

दुसऱ्या दिवशी दुकानात त्या मुलाला सांगितलं. वीस वर्षांचा पोरगा, कोरलड्रॉवर हात वाऱ्यासारखा चालतो, पेन्सिल शेवटची बहुतेक दहावीत धरली असेल. त्यानं स्क्रीनवरून मान न वळवता विचारलं, "ताई, आठ म्हणजे आठलाच का? आणि सुटणार किती वाजता? साडेनऊला मॅच आहे आमची."